नवा कोरा टायर

देवव्रत सरंजामे टायरच्या दुकानात शिरले ते हेल्मेट न काढताच. जाकिटाच्या पाठीवर पंख पसरलेला गरुड आणि त्याखाली त्यांच्या अंधेरीच्या रायडर मंडळाचं नाव. बासष्टाव्या वर्षी पोटावरची चेन लागत नसेल, तर माणसाने जाकीट उघडं ठेवावं. देवव्रतांनी ती लावली होती. इरावती त्या ताणलेल्या चेनकडे बघत राहिली.

दुकानासमोर तिच्या बाबांची क्रूझर जॅकवर चढवलेली होती. लांब, बुटकी, रुंद हँडलची. अपघातानंतर वर्षभर ती सोसायटीच्या पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली होती. रविवारी बाबांचं वर्षश्राद्ध. त्यानंतर मंडळाची स्मृती-राइड होती. हँडलला हार घालून ही गाडी देवव्रत सगळ्यांच्या पुढे चालवणार होते. हे त्यांचं त्यांनीच ठरवलं होतं. फोटोत पुढचा टायर उठून दिसायला हवा, तेव्हा तो बाजूला पांढरी पट्टी असलेलाच घ्यायचा, हेही.

दुकानदार भिकाजी वेसावकर म्हणाला, पट्टीचा आहे, पण ओल्या रस्त्याला हा बिनपट्टीचा बरा. याच्या खाचा खोल आहेत, पाणी कापतो. देवव्रतांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पट्टीचा टायर त्यांनी उभा केला, फिरवला आणि कडेच्या एका जागी बोट ठेवलं.

"इरा, इकडे ये. हे चार आकडे दिसतात? पहिले दोन म्हणजे आठवडा, पुढचे दोन म्हणजे साल. टायर कधी बनला ते कळतं. हा आठ महिन्यांपूर्वीचा आहे." त्यांनी टायर भिकाजीकडे ढकलला. "शिळा माल आम्हाला नको. ताजा काढ."

भिकाजी आत गेला.

"दुकानदार असेच असतात," देवव्रत म्हणाले. "रबर पडून पडून कडक होतं. रस्ता धरत नाही. आकडे वाचता आले पाहिजेत. नंदूला कधी जमलं नाही. तुझा बाबा भोळा होता गं."

चौतीस वर्षं गाडी चालवलेल्या माणसाबद्दल ते बोलत होते. इरावतीने फक्त पर्सचा पट्टा खांद्यावर वर सरकवला.

भिकाजी दुसरा टायर घेऊन आला. क्रूझरचं पुढचं चाक त्याने आधीच सोडवून ठेवलं होतं. जुना टायर रिमपासून वेगळा करताना त्याला जोर लावावा लागत होता. अपघात कसा झाला, असं त्याने सहज विचारलं.

उत्तर देवव्रतांनी दिलं. पाठ झालेलं उत्तर होतं ते. घोडबंदरच्या वळणावर, रस्ता ओला असताना, नंदूने पुढचा ब्रेक करकचून दाबला. शिकाऊ पोरं दाबतात तसा. हेच त्यांनी स्मशानात सांगितलं होतं, तेराव्याला सांगितलं होतं आणि मंडळाच्या शोकसभेत माइकवरून सांगितलं होतं. तेव्हापासून इरावतीची आई, शुभा, रोज दिवा लावताना बाबांच्या फोटोला विचारायची, "का हो दाबलात?"

"गाडीचा काहीच दोष नव्हता," देवव्रत पुढे म्हणाले. "टायर तर नवा कोरा. त्याच्या साठीला मंडळातर्फे मीच दिला होता, रिबन बांधून. दोन महिनेसुद्धा फिरला नव्हता."

जुना टायर रिमवरून सुटला. भिकाजीने तो मांडीला टेकवला आणि फडक्याने त्याची कड पुसली. एकच जागा तो पुन्हा पुन्हा पुसत राहिला. मग ती जागा इरावतीकडे करून त्याने टायर जमिनीवर ठेवला.

ती वाकली. रबरावर केसाएवढ्या बारीक भेगा होत्या. त्यांच्यामध्ये चार आकडे.

"चव्वेचाळीस, पंधरा," तिने वाचलं. "म्हणजे दोन हजार पंधरा ना, काका? तुम्ही दिलात तेव्हाच नऊ वर्षांचा होता."

देवव्रतांनी आता हेल्मेट काढलं.

"घरीच होता माझ्या माळ्यावर," ते म्हणाले. "माझ्या गाडीसाठी घेतला होता, ती विकली. वरचा कागदही फाडला नव्हता, इरा. एकदाही वापरलेला नाही. नवाच की."

भिकाजीने अंगठ्याचं नख बिनपट्टीच्या टायरवर दाबलं. नखाची खूण उमटली. मग जुन्यावर दाबलं. काही उमटलं नाही.

"नऊ वर्षांचा बोंबीलसुद्धा कोणी खाल्लेला नसतो, साहेब," तो म्हणाला. "म्हणून काय तो ताजा होतो?"

देवव्रत काहीतरी सांगू लागले. मंडळात सगळेच असे एकमेकांना टायर देतात, खाचा शाबूत होत्या, नंदू किती खूश झाला होता. इरावतीने त्यांना बोलू दिलं. हा माणूस अपराधी दिसेल, असं तिला क्षणभर वाटलं होतं. तो फक्त चिडलेला दिसत होता.

त्यांचं संपल्यावर ती भिकाजीला म्हणाली, "बिनपट्टीचाच बसवा. पाणी कापणारा. गाडी मी चालवणार आहे."

"आणि रविवारची राइड?" देवव्रतांनी विचारलं.

"रविवारी तुम्ही घरी या. आईला हे आकडे वाचायला शिकवा. आत्ता मला शिकवलेत, तसे."

तिने जुना टायर उभा केला आणि त्यांच्या दिशेने सोडला. तो सावकाश घरंगळत गेला आणि त्यांच्या चकचकीत बुटाला टेकून थांबला. पाय काढला असता तर तो पडला असता. नवा टायर बसेपर्यंत देवव्रत तसेच उभे होते, एका हातात हेल्मेट धरून.