शकूमामीचा नंबर

"परीक्षा पोरीची, आणि कंबर मोडतेय माझी," सुगंधाबाई शेजारणीच्या कानाशी पुटपुटल्या, तरी पापडांचं ताट घेऊन उन्हाकडे धावल्याच.

"भरभर," रेवती म्हणाली. "झटपट, लगबगीने, त्वरेने."

"झाले ना चार? आता बसू दे मला."

निवासी शाळेच्या प्रवेशपरीक्षेत क्रियाविशेषणांचे समानार्थी शब्द विचारतात, आणि पुस्तकातून ते रेवतीच्या काही केल्या लक्षात राहत नव्हते. म्हणून पापड लाटणाऱ्या बायकांनीच हा खेळ काढला होता. एकीने काम करून दाखवायचं, ते कसं केलं हे रेवतीने सांगायचं. आईमागे भाचीला वाढवणारी शकूमामी लाटता लाटता ऐकत असे आणि तिचा ऊर भरून येई. या बायका नसत्या, तर तिला एकटीला हे कुठून जमलं असतं?

परीक्षा उद्यावर आली. "शकू, आज तू दाखव," बायका म्हणाल्या. मामीने हात धुतले, रेवतीला पुढ्यात बसवलं आणि तिची वेणी घालायला घेतली.

"हळूहळू," रेवती म्हणाली. "सावकाश. संथपणे."

शेवटाला आलेली वेणी मामीने सोडली आणि पुन्हा पहिल्यापासून घालू लागली.

"मामी, किती वेळ लावतेस गं?"

लाटणी थांबली. पास झाली की रेवती वसतिगृहात जाणार, हे इतके दिवस कोणीच बोललं नव्हतं.

"तू गेलीस की घर खायला उठेल मला," मामी म्हणाली. "तरी पास हो."