पाय रोवून

शाळेच्या बास्केटबॉल संघात सगळ्यात किडकिडीत पोरगी तीच. मैत्रिणी तिला काडी म्हणायच्या. समोरून धिप्पाड मुलगी चेंडू घेऊन आली, की काडी बाजूला व्हायची. मी बजावलं, "पळू नकोस. पाय रोव, हात छातीशी घे. ती धडकली, तर फाउल तिचा. शिट्टी मी वाजवणारच ना!" महिनाभर ती आपटत राहिली, कोपरं सोलली, पण हलेनाशी झाली. "काडी कसली, खांब आहेस तू," मी पाठ थोपटली. आज सरावावरून थेट दवाखान्यात गेले. तिचे दोन्ही हात प्लास्टरमध्ये होते, छातीशी घेतलेले. उशाशी बसलेली आई म्हणाली, "हे काठी घेऊन माझ्यावर धावले. ही मध्ये उभी राहिली. सरक म्हटलं तरी हलेना." काडीची नजर माझ्या गळ्यातल्या शिट्टीवर होती. "पाय रोवले होते, मॅडम. पण शिट्टी कुणी वाजवलीच नाही."