राखणदाराची बाग

सगळ्या गावाला खायला मिळावं म्हणून रूपाली आणि तिच्या सोबत्यांनी देवळामागे फळांचं रान वाढवलं. चोऱ्या वाढल्या तशी ती चिडली. देवळात गाऱ्हाणी घालणाऱ्या सहदेवकाकांकडून तिने गावाची राखण करणाऱ्या देवाला, राखणदाराला, गाऱ्हाणं घालून घेतलं, "हयल्या फळाक जो कोण हात लायत, तेचो हात झडांदे!" त्यानंतर बागेत कोणी शिरताना दिसलं नाही.

मग वादळात रस्ता वाहून गेला. घराघरांतले तांदूळ संपले, तरी माणसं बागेच्या दगडी गडग्याबाहेरच उभी. रूपाली स्वतः कोयता घेऊन केळीपाशी गेली, पण तिचाही हात पुढे होईना.

"काका, आधी गाऱ्हाणा मागे घेवा."

सहदेवकाकांनी तिच्या हातातला कोयता घेतला, घड उतरवला आणि सगळ्या गावासमोर दोन्ही हात वर केले.

"गाऱ्हाणा घातल्यावरय मी रोज चोरतंय गो. खंय झडले माझे हात?"