सनईवाल्याचा गळा

भिलाईत कारखाना उभा राहत होता. क्रेनला इशारा द्यायला चंपतनं शिट्टी फुंकली की त्याचा गळा एका बाजूनं बेडकासारखा फुगायचा. सगळे हसायचे. आवाज बसून महिना झाला तरी ठेकेदारानं दवाखान्यात जायला सुट्टी दिली नाही.

शेवटी तो दवाखान्यात गेला, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "गळ्यात हवेची पिशवी झालीय. बहुतेकांना ती काही करत नाही. पण कधी कधी तिच्याआड कॅन्सर लपलेला असतो. उद्या भरती हो. कापावं लागलं तर आवाज जाईल."

"माह्या बापाचाबी गळा असाच फुगे, साहेब. मातामायच्या देवळापुढं सनई वाजवे तो. आवाज घोगरा झाला होता, तवाच आमी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, देवी-देव सोडले. मीच त्याची सनई बंद केली. सहा महिन्यांत मेला. गाव म्हने, देवीचा कोप. मायबी तेच धरून बसली."

"कोप कसला! मी त्याला तपासलं नाही, पण त्याच्या पिशवीआड कॅन्सरच असणार. सनई सोडायच्या आधीपासूनचा."

"मंग हे कागदावर लिहून द्या, साहेब. आजच मायले वाचून दाखवतो. एका घरात राहून पाच वर्षं झाली, माह्याशी बोलली नाई थे. उद्यानंतर मले बोलता येईन का नाई, काय मालूम."