मागची खोली

"आणि ही मागची खोली?" टेप गुंडाळत नगरपालिकेच्या साहेबांनी विचारलं.

"अडगळ आहे हो साहेब, कोणी राहत नाही तिथे," सुधाकर घाईघाईने म्हणाला. राहती खोली म्हणून नोंद झाली की घरपट्टी वाढते, हे गल्लीतल्या शहाण्यांनी त्याला पढवून ठेवलं होतं. म्हणून सकाळीच त्याने आईची गादी माळ्यावर टाकली होती आणि दुपारपर्यंत देवळात बस, असं तिला बजावलं होतं.

साहेबांनी दार ढकललं. आत आई उभी होती. गुडघे धरल्यामुळे ती देवळात गेलीच नव्हती.

"या कोण?"

तेवढ्यात आईने कोपऱ्यातला झाडू उचलला.

"मी कामाला येते साहेब. झाडून घेत होते."

साहेबांनी तिच्या विटक्या साडीकडे पाहिलं, पोपडे आलेल्या भिंतींकडे पाहिलं, आणि पुढे काही विचारलं नाही. त्यांना ते लगेच पटलं. इतकं सहज पटलं, की सुधाकरला मान वर करवेना.

अंगणात चहा झाला. "मावशी, हा कप तेवढा आत न्या," म्हणत साहेबांनी रिकामा कप तिच्यापुढे धरला. तिने तो घेतला आणि दुसरा हात सुधाकरपुढे केला.

'ही माझी आई आहे,' एवढं म्हणायला अजूनही वेळ होता.

त्याने मुकाट्याने आपला कप तिच्या हातात दिला.