दोन घोट

पंचायतीत तीन वर्षं भांडून बुर्माकानने ठराव मंजूर करून घेतला होता. लग्नासाठी पळवून आणलेल्या प्रत्येक मुलीला तिच्या घरी जाऊन विचारायचं, नांदायचंय की माहेरी जायचंय. वडीलधाऱ्यांनी त्यात एकच अट घातली, की विचारताना सासू समोर हवी.

आठ दिवसांपूर्वी उचलून आणलेली नुरझात डोक्याला नव्या सुनेचा पांढरा रुमाल बांधून चहाच्या समोवाराजवळ बसली होती.

"नांदायचंय ना गं?" बुर्माकानने विचारलं.

"न नांदायला काय झालं?" सासू म्हणाली. "मला कुठे कुणी विचारलं होतं? नांदलेच ना मी."

नुरझात बुर्माकानला चहा देत होती. दर वेळी ती वाटीत दोनच घोट चहा ओतायची. पाहुणा निघावा असं वाटलं की वाटी काठोकाठ भरतात, आणखी बसावा असं वाटलं की थोडा ओतून पुन्हा पुन्हा देतात. सुनेचं हे वळण बुर्माकानला आवडलं. सहाव्या वेळी मात्र तिने पुरे म्हणून वाटीवर हात धरला. नुरझातने तरीही ओतला.

"धांदरट मेली," सासू म्हणाली.

"असू दे, नवीन आहे," बुर्माकान बोटं झटकत म्हणाली. मग त्याच भाजलेल्या बोटांनी तिने कागदावर लिहिलं, 'राजीखुशीने नांदते.'