अंबूचा दोरा

अंबुबाईच्या पत्राला उत्तर गेलंच नव्हतं. अकरा महिने झाले होते. पत्र चार ओळींचं, भगवंतरावांना तोंडपाठ झालेलं.

'अण्णा, हे गेले. शेत तेच, काम तेच, चालवणारं माणूस बदललंय. गिरी म्हणतो, जुना ट्रॅक्टर देऊन नवा घेऊ. तू जन्म ट्रॅक्टरच्या कारखान्यात घालवलास, तूच सांग, मला कुठला बरा? फोनवर तू नुसतं बघतो म्हणशील, म्हणून लिहितेय.'

भगवंतराव तेव्हापासून बघतच होते. अंबू त्यांची चुलत बहीण. शेत दोड्डबळ्ळापूरजवळ. सल्ला चुकला तर? म्हणून राजाजीनगरच्या घरात बसून त्यांनी वहीत तक्ता आखला. डावीकडे जुना, उजवीकडे नवा. नव्याचं स्टिअरिंग एका बोटाने फिरतं. जुन्याचं फिरवताना खांदे भरून येतात. नव्याचे ब्रेक तेलात बुडालेले, चिखलातही लागतात. जुना मात्र गावातला कोणीही मिस्त्री खोलतो, नव्याला कंपनीचा माणूस लागतो. एक मुद्दा लिहिला की दुसरा सुचायचा. दुसरा लिहिला की पहिल्याची खात्री वाटेनाशी व्हायची. मुद्दे बावीस झाले. पत्राला गुंडाळून एक पांढरा दोरा आला होता. तो त्यांनी वहीत खूण म्हणून घातला.

गुरुवारी गिरीराजचा, अंबूच्या मुलाचा, फोन आला. तो मारतहळ्ळीत नोकरीला.

"मामा, पुढच्या सोमवारी जुना देऊन टाकतोय. ड्रायव्हर ठेवू. पण आई हटून बसलीय. म्हणते, अण्णाचं उत्तर येऊ दे."

"अजून म्हणते?"

"रोज पोस्टमनची वाट बघते. तुम्ही एकदा नवा घे म्हणा, संपलं."

भगवंतराव बघतो म्हणाले, आणि जीभ चावली.

तक्त्यातली एक शंका उरली होती. नव्याचे गिअर सीटच्या बाजूला गेले, त्याने बसणाऱ्याच्या पायाला किती जागा मिळते? दुसऱ्या दिवशी ते बसने येलहंक्याला एका शोरूममध्ये गेले. दारात दहा मिनिटं उभे राहिले. काउंटरवरच्या भव्या नावाच्या मुलीनेच त्यांना ताता, म्हणजे आजोबा, म्हणत आत बोलावलं.

"चढा ताता, लाजायचं काय त्यात. सीट स्वल्प पुढे घेऊ? चालवणार कोण?"

"ड्रायव्हर."

"त्याची उंची?"

बावीस मुद्द्यांत उंची नव्हती. तरी त्यांनी सवयीने वही उघडली. दोरा निसटला आणि स्टिअरिंगवर लोंबला. एका टोकाला एक गाठ. दुसऱ्या टोकाला दोन.

त्यांच्या घराण्यात चार पिढ्या शिवणकाम. परगावच्या बायका अंगाचं माप पत्रातून पाठवायच्या, ते दोऱ्यानेच. एक गाठ कमरेची, दोन गाठी टाचेच्या. लहानपणी असले शेकडो दोरे त्यांनी वडिलांच्या हातात दिले होते. मग कात्री सोडली, पुस्तकं धरली, आणि अकरा महिने अंबूच्या पायाचं माप पानांमध्ये दाबून ठेवलं.

"ड्रायव्हर नाही," ते म्हणाले. "माझी बहीण. एकसष्ट वर्षांची."

भव्या हसली नाही. तिने सीट पुढे ओढली, शेवटच्या खाचेपर्यंत. क्लचचं पेडल हाताने तळापर्यंत दाबून धरलं. भगवंतरावांनी एका गाठीचं टोक सीटच्या पाठीशी धरून दोरा खाली सोडला. दोन गाठी पेडलच्या अलीकडे तीन बोटं थांबल्या.

"इथे जुने येतात का, बदल्यात आलेले?"

मागच्या आवारात चार उभे होते. त्यातला एक अंबूकडे आहे तसाच, त्यांच्याच कारखान्याचा. त्यावर दोरा पाच बोटं कमी पडला.

"बघा ताता, हा तर त्याहून लांब," भव्या म्हणाली. "नवाच बरा. पेडलवर लाकडाचा ठोकळा बसवून देऊ."

"ठोकळा निसटतो," भगवंतराव म्हणाले. एवढ्या ठामपणे आपण बोललो याचं त्यांनाच नवल वाटलं. मग ते गुडघे टेकून सीटखाली वाकले. सीट बसवलेल्या पट्टीवर ग्रीस आणि माती थापली होती. त्यांनी नखाने खरवडलं. जिथे बोल्ट होते त्याच्या पुढे दोन भोकं निघाली.

ती त्यांनीच काढली होती. कारखान्याच्या आराखड्यात, कागदावर, पेन्सिलीने, वयाच्या तिसाव्या वर्षी. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले होते, "एवढ्या पुढे कोण बसणार, देशपातळीवरचा बुटका?" सगळे हसले होते. नोकरीभरात भगवंतराव एकदाच अडून बसले, ते त्या दोन भोकांसाठी. कोणासाठी, ते त्यांना सांगता आलं नव्हतं. त्यानंतर ती भोकं कोणी वापरल्याचं त्यांनी कधी ऐकलं नाही. आपला हट्ट मूर्खपणाचा होता, हे त्यांनी केव्हाच मान्य करून टाकलं होतं.

आवारातला मिस्त्री कल्लाप्पा पाना घेऊन आला. सीट पुढच्या भोकांवर बसली. भव्याने पुन्हा पेडल दाबून धरलं. दोरा खाली गेला, आणि दोन गाठी पेडलवर टेकल्या. उलट दोरा बोटभर जास्तच उरला.

"पण याचा क्लच फार जड, ताता," कल्लाप्पा म्हणाला. "बाईमाणसाला जमेल?"

"चाळीस वर्षं पायाने शिलाई मशीन चालवलीय तिने."

"मग सरी, जमेल," कल्लाप्पा म्हणाला.

येलहंक्याच्याच पोस्टात त्यांनी पाकीट घेतलं. बावीस मुद्द्यांची वही पिशवीतच राहिली. दोरा पाकिटात घातला, त्याच्याभोवती एक कागद. पेटीत हात घातल्यावर ते नेहमीसारखे क्षणभर थबकले. मग पाकीट सोडलं. कागदावर एवढंच होतं:

'अंबू, जुनाच ठेव. सीटखाली मातीने बुजलेली दोन भोकं आहेत, ती साफ करून सीट पुढे घे. तीस वर्षांचा असताना मीच ती पाडायला लावली होती. कोणासाठी, ते आज कळलं.'